दहा बळींचा चेंडू गहाण पडतो का?

बीडच्या सराफा बाजारात तारण म्हणून काय काय येतं याची यादी केली, तर जिल्ह्याचा अर्धा आर्थिक इतिहास हाती लागेल. पेरणीच्या तोंडावर पाटल्या, ऊसतोडीची उचल फिटेपर्यंत डोरलं, लेकराच्या कॉलेजच्या फीसाठी बोरमाळ. चेंडू मात्र यंदा पहिल्यांदाच आला. काचेच्या चौकोनी डबीत बसवलेला, लाल, चकचकीत, वर काळ्या पेनाची सही. खाली पितळी पट्टीवर कोरलेलं : ७ फेब्रुवारी १९९९, १०/७४. सोबत गुळगुळीत कागदावरचं प्रमाणपत्र. आणणारा तरुण म्हणाला, ‘अनिल कुंबळेची सही आहे, याच्यावर काही द्या.’ शेठनी डबी ठेवून घेतली, त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि सरांना निरोप धाडला.

सर म्हणजे आमचे जुने क्रीडाशिक्षक. शाळेच्या नोकरीत पोरांना कवायत शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी जिल्ह्यातल्या मिळेल त्या मैदानावर झाडाखाली बसून स्कोअर लिहिला. शेठ तिसऱ्या पिढीचे सराफ. क्रिकेट बघतात, पण हिशेबाच्या नजरेनं. मी दोघांच्या मधल्या स्टुलावर चहा पीत बसलो होतो. बोलणं दोन तास चाललं. ते इथे निवडून, जरा लावून देतो आहे. मधल्या गिऱ्हाइकांची आणि सोन्याच्या भावावरच्या उसाशांची भर वगळली आहे.

शेठ : सर, आधी एवढंच सांगा. माल खराय का?

सर : चेंडू खरा आहे. चामडं आहे, शिवण आहे. सही खरी असेलही. पण त्या दिवशी दिल्लीच्या कोटल्यावर वापरलेला चेंडू हा नव्हे.

शेठ : ते पोरगं तसं म्हणायलाच नव्हतं. पण तुम्ही डबी न उघडता कसं ओळखलं?

सर : उघडा ना. आता शिवणीवरून नख फिरवा. टाके कसे उभे आहेत, नखाला लागतात. पाकिस्तानचा तो डाव ६०.३ ओव्हर चालला. दिल्लीच्या त्या कोरड्या खेळपट्टीवर साठ ओव्हर खाल्लेल्या चेंडूची शिवण दबून चपटी होते. एक बाजू खरवडून भुऱ्या रंगाची होते, दुसरी पोरांनी पँटीला घासघासून काळपट तांबडी केलेली असते. याच्यावर बॅटचा एक ओरखडा नाही. हा चेंडू मैदानावर गेलेलाच नाही.

शेठ : म्हणजे मोल सहीचं. बघा, आमच्या धंद्यात दागिन्याचे तीन भाग. वजन, कस आणि घडणावळ. मोडीला आणला की वजन आणि कस यांचे पैसे मिळतात, घडणावळ गेली म्हणून समजायचं. या मालात वजन किती?

सर : नियमानं १५५.९ ते १६३ ग्रॅम.

शेठ : म्हणजे चौदा तोळ्यांच्या जवळपास चामडं. कस शून्य. मग उरली ती सगळी घडणावळच की!

सर : आणि ती घडणावळ कुंबळेनं केलेली. डबीवाल्यानं नव्हे.

इथे शेठ हसले. पण ते हार मानणाऱ्यातले नाहीत. आदल्या रात्री त्यांनी मोबाइलवर बराच अभ्यास केलेला दिसत होता, आणि तो थेट अमेरिकेपर्यंत गेला होता.

शेठ : घडणावळीलाही गिऱ्हाईक असतं, सर. अमेरिकेत तो बेसबॉल आहे ना, त्यात डॉन लार्सन नावाचा एक गोलंदाज होऊन गेला. ८ ऑक्टोबर १९५६. त्यांची मोठी स्पर्धा असते, वर्ल्ड सिरीज, तिचा पाचवा सामना. न्यूयॉर्कच्या यँकीजकडून हा टाकायला, समोर ब्रुकलिन डॉजर्स. सत्तावीस जण आले, सत्तावीस जण बाद. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू दिलं नाही.

सर : त्याला ते परफेक्ट गेम म्हणतात. सगळ्या सामन्याला त्याला सत्त्याण्णवच चेंडू लागले. म्हणजे आपल्या हिशेबानं सोळा ओव्हर आणि एक चेंडू.

शेठ : मग तुम्हाला माहितीय! त्या दिवशी अंगात असलेला गणवेश त्यानं छप्पन वर्षं जपला आणि २०१२ साली लिलावात काढला. ७,५६,००० डॉलर. तेव्हाच्या भावानं चार कोटींच्या वर. आणि कशासाठी काढला म्हणाल, तर नातवंडांच्या कॉलेजच्या खर्चासाठी. आपलं गिऱ्हाईक याहून वेगळं काय करतं? बोरमाळ घेऊन येणारी बाई आणि हा लार्सन, दोघांची नड एकच. आता म्हणा, कापडाला मोल नाही म्हणून.

सर : मोल नाही असं मी कुठं म्हणालो? त्याच वर्षी, जुलैच्या शेवटी, इंग्लंडच्या जिम लेकरनं मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाच्या वीसपैकी एकोणीस विकेट काढल्या. पहिल्या डावात ३७ धावांत नऊ, दुसऱ्या डावात ५३ धावांत दहा. उरलेली एक टोनी लॉकनं घेतली. तो लॉक दोन्ही डावांत दुसऱ्या टोकाकडून घाम गाळत होता. आता तुम्ही मला सांगा, लेकरच्या चेंडूला बोली लागेल. लॉकच्या घामाला कोण बोली लावणार?

शेठ : घामाला कुणीच लावत नसतं, सर. पण भाव असला की वस्तू टिकते, हे तरी मान्य करा. लार्सननं ते कपडे धुण्याला टाकून फाडले नाहीत, भांडीवालीला दिले नाहीत. कामून? पुढं-मागं याचं काहीतरी होईल हे डोक्यात होतं. आपल्याकडं ज्याला भाव नाही ते रद्दीत जातं, किलोच्या हिशेबानं.

सर : भाव टिकवतो तसा वितळवतोही. त्याच सामन्यात लार्सनचा यष्टिरक्षक, त्यांच्या भाषेत कॅचर, होता योगी बेरा. शेवटचा माणूस बाद झाल्यावर तो धावत येऊन लार्सनच्या अंगावर उडी मारून बसला, तो फोटो जगभर गेला. या बेराच्या नावानं न्यू जर्सीत संग्रहालय आहे. वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या खेळाडूला सोन्याची अंगठी मिळते आणि बेरा दहा वेळा जिंकलेला. २०१४ साली संग्रहालय फोडून चोरांनी त्याच्या नऊ अंगठ्या नेल्या. पुढं काय केलं असेल?

शेठ : मूस.

सर : मूसच. हिरे खुडून काढले, अंगठ्या वितळवून लगडी केल्या आणि मातीमोल भावानं विकल्या. नावासकट विकायची तर पकडले जातील, म्हणून नाव जाळून सोनं विकलं. हे सगळं २०२३ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा बाहेर आलं.

शेठ काही वेळ बोलले नाहीत. सराफाला यातलं दुःख क्रीडाशिक्षकापेक्षा जास्त कळतं. चोरीची मोड अजाणता घेतली म्हणून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे त्यांच्या व्यवसायात कमी नाहीत. ‘घडणावळ गेली’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, किंवा मला तरी दिसलं.

शेठ : बरं, ते सोडा. माझी खरी अडचण वेगळी आहे. सोन्यावर हॉलमार्क असतो. २०२१ पासून सक्तीचा झाला, आणि आता प्रत्येक नगाला सहा आकडे-अक्षरांचा एचयूआयडी. मोबाइलवर टाकला की कुणाचा माल, किती कॅरेट, समोर येतं. या चेंडूचं प्रमाणपत्र मी भिंगाखाली धरलं. कागद भारी आहे, छपाई भारी आहे. पण ज्यानं माल विकला त्यानंच प्रमाणपत्र दिलंय! हे म्हणजे मीच दागिना घडवायचा आणि मीच शिक्का मारायचा.

सर : अमेरिकेतही तेच झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या एफबीआयनं खोट्या सह्यांच्या टोळ्यांवर मोहीम काढली. माणसं दिवसभर बसून नामवंत खेळाडूंच्या सह्या गिरवायची. त्या जप्तीत बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सही निघाली.

शेठ : कुणाची?

सर : मदर तेरेसांची.

शेठ : आणि घेणारे होते?

सर : बनवणारे होते म्हणजे घेणारे असणारच. त्यानंतर २००१ पासून त्यांच्या लीगनं पद्धत बसवली. मैदानावर साक्षीदार म्हणून माणूस बसतो. तो स्वतः बघतो की हा चेंडू अमक्या वेळी अमक्याच्या हातून निघाला. लगेच त्यावर क्रमांकाचं होलोग्राम चिकटवतो. तुमचा एचयूआयडीच, पण घडताना बघणाऱ्यानं लावलेला.

शेठ : मग आपल्याकडं कोण बघतो?

सर : स्कोअरर बघतो. प्रत्येक चेंडू बघतो. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

माझ्या मते दोन तासांतलं खरं बोलणं इथून सुरू झालं. तोवर दोघं आपापल्या धंद्याच्या बाजूनं बोलत होते. आता सरांनी खिशातून चष्मा काढला.

सर : डिसेंबर २०२१, वानखेडे. एजाझ पटेल आठवतो? जन्म मुंबईचा, आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला, तिथून खेळायला परत मुंबईत आला आणि भारताच्या दहाच्या दहा विकेट घेतल्या. ४७.५ ओव्हर, ११९ धावा, दहा विकेट. लेकर, कुंबळे आणि हा, कसोटीच्या इतिहासात तिघंच. त्याला मुंबई क्रिकेट संघटनेनं सत्काराला बोलावलं. त्यानं चेंडू संघटनेच्या होणाऱ्या संग्रहालयाला देऊन टाकला. संघटनेनं त्याला काय दिलं?

शेठ : शाल-श्रीफळ असेल. चेक?

सर : स्मृतिचिन्ह आणि त्या डावाचा स्कोअरशीट.

शेठ : बस्स? सर, हा तर बट्ट्याचा व्यवहार झाला. त्या चेंडूला बाजारात काय आलं असतं, आणि कागद घेऊन गेला!

सर : मी म्हणतो, फायद्यात तोच राहिला. ऐका. कसोटीत ऐंशी ओव्हर झाल्या की दुसरा नवा चेंडू घेता येतो. भारताचा तो डाव १०९.५ ओव्हर चालला. मग दहाच्या दहा विकेट एकाच चेंडूवर पडल्या असं चेंडूकडं बघून कोण सांगू शकेल? कुंबळेचा डाव साठ ओव्हरचा, तिथं हा प्रश्नच येत नाही. वानखेडेवर येतो. आणि त्याचं उत्तर चेंडूत नाही, कागदावर आहे. कुठल्या ओव्हरला कोण गेला, सगळं ओळीनं.

शेठ : (थोडं थांबून) हे मात्र मला सुचलं नव्हतं.

सर : अजून ऐका. त्याच सामन्यात न्यूझीलंडचा पहिला डाव ६२ धावांत गारद झाला आणि शेवटी ते ३७२ धावांनी हरले. माणसानं दहा विकेट काढल्या आणि संघ असा हरला! चेंडू काचेच्या पेटीत ठेवला की बघणाऱ्याला वाटतं, हा विजयाचा चेंडू. कागद हातात घेतला की त्या माणसाची खरी गोष्ट कळते. कुंबळेचंही तसंच. नऊ झाल्यावर दुसऱ्या टोकाकडून श्रीनाथनं मुद्दाम स्टंपापासून लांब लांब ओव्हर टाकली, आपल्याला विकेट मिळू नये म्हणून. तो मोठेपणा या डबीत कुठं आहे?

शेठ : पण तुमचा हा दानशूर पटेलही बाजारात आलाच की. मी वाचलंय. पुढच्याच वर्षी त्यानं त्या डावातला शर्ट, साऱ्या संघाच्या सह्या घेऊन, लिलावात काढला.

सर : काढला. ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयासाठी.

शेठ : कशासाठी का असेना. बोली लागली म्हणून रुग्णालयाला पैसे मिळाले. नुसता कौतुकानं भिंतीला टांगला असता तर लेकरांना काय मिळालं असतं? आणि पुण्याचं उदाहरण घ्या. सहकारनगरमध्ये रोहन पाटे यांचं क्रिकेटचं संग्रहालय आहे, ब्लेड्स ऑफ ग्लोरी. २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते उद्घाटन झालं. २०२० च्या कोरोनात पाकिस्तानच्या अझर अलीनं मदतीसाठी बॅट लिलावात काढली, ३०२ धावा काढलेली. दहा लाख पाकिस्तानी रुपयांना ती पुण्याच्या या संग्रहालयानं घेतली. दोन देशांत सामने बंद, जाणं-येणं बंद, पण पैशाच्या जोरावर बॅट पुण्याच्या नावावर लागली. भाव नसता तर हे झालं असतं?

सर : नसतं झालं. हे मी मान्य करतो.

सर एखादी गोष्ट मान्य करतात तेव्हा ती पूर्ण करतात, ‘पण’ लावत नाहीत. शाळेतही तसंच होतं. म्हणून मग ‘पण’ मीच लावला : ज्याच्यावर बोली लागत नाही त्याचं काय?

सर : बापू नाडकर्णी. नाशिकचे. जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. आकडे लिहून घ्या शेठ : ३२ ओव्हर, २७ निर्धाव, ५ धावा, ० विकेट. त्यात सलग २१ ओव्हर निर्धाव. १३१ चेंडू लागोपाठ, एक धाव नाही. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्याच्यावर चेंडू टाकायची सवय केलेला माणूस. आता याची आठवण म्हणून लिलावात काय ठेवाल?

शेठ : ते नाणं.

सर : (हसून) ते नाणं तुमच्यासारख्याच कुणाकडं मोडीत गेलं असेल. विकेट एकही नाही, म्हणजे ‘बापूंचा चेंडू’ म्हणून वेगळा काढावा असा चेंडूच नाही. तोच चेंडू आधी दुसऱ्यानं टाकला, नंतर तिसऱ्यानं. हा पराक्रम चामड्यावर राहतच नाही, तो फक्त वहीत राहतो. निर्धाव ओव्हर वहीत कशी लिहितात ठाऊक आहे? चौकटीत सहा टिंबं, तीन वर, तीन खाली, आणि ती पेन्सिलीनं जोडली की एम तयार होतो. एका ओळीत एकवीस एम! मी त्या पानाचा नुसता विचार केला तरी...

शेठ : तरी काय?

सर : काही नाही. चहा सांगा.

चहा येईपर्यंत विषय बीडकडे वळला. तो वळणारच होता. शेठना सचिन धस आठवला. २०२४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, बेनोनी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ धावांचा पाठलाग, ३२ ला ४ बाद, आणि बीडच्या या पोराच्या ९५ चेंडूंत ९६. उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी. त्या संध्याकाळी बीडमध्ये फटाके उडाले नसते तर नवल.

शेठ : ती बॅट आत्ताच कुणीतरी जपायला पाहिजे, सर. उद्या पोरगं मोठं झालं की मुंबई-पुण्याचे लोक येतील आणि आपण बघत बसू.

सर : चार धावा कमी पडल्या हो. शंभर झाले असते तर तुमचा भाव दुप्पट झाला असता, हो की नाही? संजय बांगरचा जन्म बीडचा. २००२, हेडिंग्ले. ढगाळ हवा, ओली खेळपट्टी, चेंडू दोन्हीकडं हलतोय, आणि हा माणूस सलामीला जाऊन ६८ धावा काढतो. द्रविडबरोबर १७० ची भागीदारी. नंतर द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. लिलावात त्या तिघांच्या बॅटी जातील. ६८ ची कोण मागतो? वहीत मात्र बांगरला सचिनएवढीच रुंद ओळ आहे. स्कोअरबुकात रांग सगळ्यांना सारखी.

शेठ : सर, तुमचं वहीवर फार प्रेम आहे. पण मला एक सांगा, तुमच्या वह्या कुठं आहेत?

सर थांबले. वह्या घरी आहेत, पत्र्याच्या पेटीत. गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, परळी, आष्टी. जिथे मॅटिंग अंथरून चामडी चेंडूचे सामने झाले तिथले हिशेब. त्यांतलं एक पान मी पाहिलेलं आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं, उजव्या कोपऱ्यात पावसाच्या थेंबानं दोन आकडे पसरलेले, आणि माजलगावकडच्या एका डावखुऱ्या पोराच्या नावापुढे आठ वेळा ‘डब्ल्यू’. त्याचे आई-बाप त्या हंगामात उसाच्या फडावर होते. क्रिकेट पुढे सुटलं. आज तो ट्रॅक्टर चालवतो. दिवाळीत सरांकडे येतो, फराळ बाजूला सारतो आणि पेटी उघडायला लावतो. मागच्या खेपेला त्यानं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मुलाला दाखवला. त्या सामन्याचा चेंडू कुठे आहे हे त्यानं कधी विचारलं नाही.

सर : आहेत. काहींना वाळवी लागलीय.

शेठ : तेच म्हणायलोय मी! अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी घ्या. खादीचं कापड, चाळीस फुटांच्या आसपास लांब, त्यावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहून काढलं. चारशे वर्षं झाली. कापडच ना? कसर लागायला हवी होती. तरी टिकली, कारण ती देवघरात होती, पिढ्यान्‌पिढ्या पूजेतली वस्तू होती. वस्तू टिकायला दोनांतलं एक लागतं, सर. भाव, नाही तर देव. तुमच्या वहीला दोन्ही नाही.

सर : (बराच वेळानं) खरं आहे.

मी इतकी वर्षं सरांच्या बाजूचा. चेंडूपेक्षा वही मोठी हे मला पटलेलं आहे, आणि एजाझ पटेलच्या त्या देवाणघेवाणीत तोच जास्त घेऊन गेला हेही. पण शेठच्या या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. मुंबईत वानखेडेवर २०२५ साली क्रिकेट संग्रहालय उभं राहिलं, पुण्यात आधीपासून आहे. ती सगळी बॅट, चेंडू, टोपी, ग्लोव्ह्ज यांची घरं. ती हवीतच, लेकरांना बोट धरून दाखवायला काहीतरी लागतं. तालुक्याच्या मैदानावरची स्कोअरबुकं मात्र कुणाच्याच घरची नाहीत. क्लब मोडतो, सचिव बदलतो, घर बदलताना बाई म्हणते हा पसारा काढा, आणि दहा-वीस वर्षांचं क्रिकेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर बसून जातं. पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. पुण्याच्या क्लबात ज्या माणसाला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, त्याचा हा आकडा आहे. तो टिकला, कारण तिकडे इंग्लंडात गावोगावच्या मैदानावर कुणीतरी वही नीट लिहिली आणि नीट ठेवली.

शेठनी चेंडूवर पैसे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी तरुण आला तेव्हा त्याला डबी परत केली, तारण होत नाही म्हणून सांगितलं, आणि ओळखीवर थोडी हातउसनी रक्कम दिली. सरांची पेटी त्याच आठवड्यात दुकानात आली. शेठच्या मुलानं मोबाइलवर पानन्‌पान टिपायला घेतलंय. वाळवीनं खाल्लेली पानं आधी.

वाचकांपैकी कुणाकडे जुनी स्कोअरबुकं असतील, बीडची असोत की सोलापूरची, शाळेची असोत की साखर कारखान्याच्या क्लबची, तर एवढं करा. रद्दीत घालू नका. पेटी भिंतीपासून सुटी, विटांवर ठेवा. भर दुपारी सावलीत एकेका पानाचा सरळ वरून फोटो घ्या. प्रत्येक सामन्याचं मैदान, तारीख, दोन्ही संघ आणि लिहिणाऱ्याचं नाव, आठवत असेल तितकं, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा; शाई पसरते. आणि ज्याच्या नावापुढे आठ ‘डब्ल्यू’ आहेत तो अजून गावात असेल, तर त्याला ते पान एकदा दाखवून या.